पंचांना दिसला तरच ठोसा

२९ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिक, महिलांचा ५१ किलो वजनगट, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिला राउंड व्हॅलेन्सियानं घेतला, दुसरा मेरीनं, तिसराही मेरीनं. म्हणजे तीनपैकी दोन राउंड मेरीचे, आणि लढत व्हॅलेन्सियाची. निकाल लागला तेव्हा आपणच जिंकलो असं खुद्द मेरीला वाटत होतं. त्या दुपारी टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेक भारतीयांनाही हा हिशेब कळला नाही.

हिशेब असा होता. रिंगभोवती पाच पंच. प्रत्येक पंच राउंड जिंकणाऱ्याला १० गुण देतो आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा ९. पहिल्या राउंडला चार पंचांनी व्हॅलेन्सियाला कौल दिला, एकानं मेरीला. पुढच्या दोन्ही राउंडना मेरीकडे तीन आणि व्हॅलेन्सियाकडे दोन. राउंड कुणाचा हे बहुमतानं ठरवून मग राउंड मोजायचे, अशी ही पद्धत नाही. प्रत्येक पंचाच्या तीन राउंडची बेरीज वेगळी होते आणि ज्याच्याकडे पाचपैकी तीन बेरजा, तो विजेता. पाच पंच आणि तीन राउंड मिळून पंधरा कौल झाले. त्यातले आठ व्हॅलेन्सियाचे, सात मेरीचे. सगळा फरक पहिल्या तीन मिनिटांत पडला होता. मेरी जुन्या वळणाची, सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याला जोखून घेणारी आणि मग वेग वाढवणारी बॉक्सर. या पद्धतीत जोखण्यात घालवलेला राउंड कायमचा हातचा जातो.

हौशी मुष्टियुद्धात गुणांची पद्धत गेल्या चार दशकांत वारंवार बदलली. दर वेळी कारण एकच सांगितलं गेलं: निकाल प्रामाणिक व्हावेत. प्रामाणिकपणा किती वाढला हे पुढे पाहू. पण दर बदलाबरोबर बॉक्सर उभा कसा राहतो, हात किती उंच धरतो, कुठे मारतो आणि कुठे मारायचं सोडून देतो, हे सगळं बदलत गेलं. बॉक्सरचा खरा गुरू गुणपद्धती आहे, असं माझं ठाम मत आहे. कोपऱ्यातला प्रशिक्षक तिचाच निरोप सांगत असतो. महाराष्ट्रात हे समजायला जड जाऊ नये. मातीतल्या कुस्तीत चितपटीला सगळं मोल असतं, मॅटवर गुणांना. एकाच तालमीतला पैलवान दोन्हीकडे वेगळा खेळतो.

आधी कागदाचा काळ पाहू. १९८८ पर्यंत पंच कागदावर गुण मांडत. राउंड जिंकणाऱ्याला २०, दुसऱ्याला त्याहून कमी. ठोसा मोजायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे पंचाच्या मनावर लढतीचा जो ठसा उमटे तोच निकाल. ठसा उमटवायचे मार्ग बॉक्सरना पक्के ठाऊक होते. पुढे चालत राहायचं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात हातांचा पाऊस पाडायचा, आणि ताकद असेल तर ती दिसू द्यायची. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसननं १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली ती त्या लांबलचक उजव्या हातावर. तो हात बसला की पंचाला फार विचार करावा लागत नसे.

या काळाचा शेवट सेऊलमध्ये झाला. १९८८ च्या त्या ऑलिम्पिकसाठी गेलेल्या भारतीय मुष्टियुद्ध चमूत मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार ही दोन मराठी नावं होती. लाइट मिडलवेटच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन समोरासमोर आले. टीव्हीसाठी केलेल्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे बसले, पार्कचे ३२. पंचांचा निकाल ३-२ नं पार्ककडे गेला. गंमत म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट शैलीच्या बॉक्सरला दिला जाणारा व्हाल बार्कर करंडक जोन्सलाच मिळाला. अंतिम लढतीत हरलेला माणूस शैलीत पहिला, हे जगाला पचलं नाही. कागदावर भरवसा राहिला नाही, आणि यंत्र आलं.

यंत्राचा काळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. ऑलिम्पिकमध्ये ते १९९२ साली बार्सिलोनाला आलं. पाच पंचांपुढे प्रत्येकी एक पेटी. तिच्यावर एक लाल कळ, एक निळी. लाल कोपऱ्यातल्या बॉक्सरचा ठोसा बसला की लाल कळ दाबायची, निळ्याचा बसला की निळी. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकाच रंगाची कळ दाबली तरच गुण. ठोसा कसा हवा याचीही व्याख्या होती: बंद मुठीच्या पुढच्या, बोटांच्या पेरांच्या भागानं, डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर वा कमरपट्ट्याच्या वर धडावर, मध्ये अडवला न जाता आणि जोरानं बसलेला. त्या वेळच्या ग्लोव्हजवर पेरांच्या जागी पांढरा पट्टा असे. पांढरं अंगाला लागलेलं दिसलं की कळ दाबायची. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. आता ती रिंगमध्ये कशी चालते ते बघा.

एक बॉक्सर दुसऱ्याच्या अगदी जवळ शिरला आहे, डोकं त्याच्या खांद्याला टेकलं आहे आणि डाव्या हातानं तो बरगडीखाली, यकृतावर हुक मारतो. ज्यांनी तो खाल्लाय त्यांना विचारा. पाय गळून जातात. पण पाच पंच रिंगच्या चार बाजूंना बसले आहेत. दोघांना मारणाऱ्याची फक्त पाठ दिसते. एकाच्या आणि ठोशाच्या मध्ये रेफ्री येतो. ज्या दोघांच्या बाजूला तो हात उघडा आहे, त्यांना दिसतो. दोन कळा दाबल्या जातात. दोन म्हणजे शून्य.

आता त्याच बॉक्सरनं हातभर अंतरावरून सरळ उजवा ठोसा चेहऱ्यावर मारला. समोरच्याची मान मागे जाते. मागे गेलेलं डोकं चारही बाजूंनी दिसतं. चार-पाच कळा दाबल्या जातात. एक गुण. ठोसा यकृतावरच्या हुकच्या निम्म्यानंही लागला नसेल, तरी गुण त्याचाच.

तिसरा प्रसंग सलग माऱ्याचा. डावा, उजवा, पुन्हा डावा हुक, सगळं एका सेकंदात. माणसाचा अंगठा तितका वेगवान नाही. एका पंचानं पहिल्या ठोशाला कळ दाबली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसरा गोंधळून एकदाच दाबून मोकळा झाला. यंत्राला एकच गुण दिसला, किंवा एकही नाही. तीन ठोसे मारण्याचं बळ खर्ची पडलं आणि तीन वेळा गार्ड उघडं पडलं, ते वेगळंच.

यातून कोणत्याही चाणाक्ष प्रशिक्षकानं काय शिकावं? धड सोडून द्या. जवळ जाऊ नका. एकेरी, सरळ, लांबचा आणि सगळ्यांना दिसेल असा ठोसा मारा आणि लगेच बाहेर पडा. हात उंच ठेवा, कारण ग्लोव्हजवर बसलेल्या ठोशाला काही मिळत नाही. समोरच्याला आधी मारू द्या, तो चुकला की मोजून एक परत करा. ताकदीच्या मागे लागू नका, कारण प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं तरी त्या ठोशाला इतर ठोशांइतकाच, एकच गुण आहे. आणि तीन-चार गुणांची आघाडी झाली की रिंगभर फिरा, कारण आता धोका पत्करायचं काम त्याचं. वजन मागच्या पायावर टाकून, पुढचा हात सतत चाचपडता ठेवून, आत-बाहेर करत तलवारबाजासारखे उभे असलेले दोन बॉक्सर हे नव्वदच्या दशकाचं आणि पुढच्या दशकाचं ठरलेलं चित्र झालं. प्रेक्षकांनी त्याला कंटाळवाणं म्हणावं आणि जाणकारांनी नाकं मुरडावीत, पण बॉक्सरचा त्यात काही दोष नव्हता. परीक्षेत जे विचारतात त्याचाच तो अभ्यास करत होता.

यंत्रानं पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये स्वतःचा दोष दाखवून दिला होता. अमेरिकेचा एरिक ग्रिफिन बार्सिलोनात यजमान स्पेनच्या राफाएल लोझानोकडून ६-५ असा हरला. नंतर प्रत्येक पंचाच्या कळा वेगवेगळ्या मोजल्या तेव्हा पाचही जणांनी ग्रिफिनचेच ठोसे जास्त मोजल्याचं निघालं. पाचपैकी पाच पंचांच्या मते जिंकलेला बॉक्सर हरला, कारण त्यांचे अंगठे एकाच सेकंदात पडले नाहीत. इथे कुणाच्या लबाडीचीही गरज लागली नाही. १९९६ ला अटलांटात फ्लॉइड मेवेदर बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवकडून १०-९ असा हरला तेव्हाही अमेरिकी पथकाची तक्रार हीच होती की बसलेले ठोसे आकड्यात उतरलेच नाहीत.

राउंडच्या लांबीनं याला आणखी धार आली. सिडनी २००० पासून बीजिंग २००८ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या लढती दोन मिनिटांच्या चार राउंडच्या होत्या. धडावर मारून प्रतिस्पर्ध्याचा दम काढायचा म्हणजे वेळ हवा. पहिल्या राउंडची गुंतवणूक तिसऱ्यात फळते. दोन मिनिटांत घंटा वाजत असेल आणि त्या गुंतवणुकीला मधल्या काळात गुणही नसतील, तर ती करणार कोण? शिवाय सिडनीत पंधरा गुणांचं अंतर पडलं की लढतच थांबवली जायची. मागे पडलेल्याला सावरायला उसंत उरली नाही. २००९ मध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड परत आले ते बरं झालं.

मात्र या पद्धतीतून थोर बॉक्सर निघाले नाहीत असं म्हणणं खोटेपणाचं होईल. चीनचा झोऊ शिमिंग हात खाली सोडून, टिपून पळणाऱ्या शैलीनं २००८ आणि २०१२ ला सुवर्ण घेऊन गेला. चीनमध्ये त्या शैलीला चाचेगिरीचं नाव मिळालं होतं. क्यूबाच्या मारिओ किंदेलाननं २००४ च्या अंतिम लढतीत सतरा वर्षांच्या आमिर खानला ३०-२२ असं हरवलं. आकडेच सांगतात की त्या लढतीत दोघंही थांबले नव्हते. युक्रेनच्या व्हासिल लोमाचेन्कोनं पायांनी कोन बदलत राहण्याची अशी विद्या कमावली की एकेरी ठोशाच्या त्या काळातही तो ओळीनं मारू शकला, कारण तो समोर सापडतच नसे. बंधन कडक असलं की त्यातून वाट काढणारा एखादा निघतोच. पण एखादा निघाला म्हणून बाकीच्या हजारांचं काय झालं हे विसरता येत नाही.

भारताचा उदयही याच पेटीच्या काळात झाला, आणि तिचे चटके आणि लाभ दोन्ही आपण चाखले. सिडनीत ८१ किलोच्या उपांत्यपूर्व लढतीत गुरचरणसिंग युक्रेनच्या आंद्री फेदचुकविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांपर्यंत पुढे होता. तो जिंकता तर मुष्टियुद्धातलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक नक्की झालं असतं. १२-१२ अशी बरोबरी झाली. मग काउंटबॅक, म्हणजे यंत्रानं गुण न दिलेल्या कळांसह पंचांनी स्वतंत्रपणे दाबलेल्या कळांची मोजणी. ती फेदचुकच्या बाजूनं गेली. आठ वर्षांनी बीजिंगमध्ये अखिल कुमार आणि रशियाचा विश्वविजेता सर्गेई वोदोप्यानोव यांची लढत ९-९ अशी सुटली. पुन्हा काउंटबॅक, या वेळी अखिल जिंकला. दोन्ही निकाल नियमानं बरोबर. पण विचार करा, एका सेकंदाच्या अटीत न बसलेले ठोसे लढतभर केराच्या टोपलीत जातात आणि बरोबरी झाली की तेच टोपलीतून काढून विजेता ठरवला जातो. ते ठोसे खरे होते हे नियमांनाही मान्यच होतं की!

अखिलची शैली या पद्धतीचं मर्म ओळखणारी होती. हात खाली, हनुवटी उघडी, जणू या आणि मारा असं आमंत्रण. समोरचा मारायला आला की अखिल अर्धं पाऊल मागे सरकणार आणि चुकलेल्या हातावरून आपला सरळ ठोसा टाकणार. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा हवेत, अखिलचा सगळ्यांना दिसेल असा चेहऱ्यावर. एक गुण. पुढच्याच लढतीत मोल्दोवाच्या व्याचेस्लाव गोयाननं आमंत्रण स्वीकारायलाच नकार दिला, आणि अखिल १०-३ असा हरला. विजेंदर सिंगकडे उंची होती आणि लांब हात होते. इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला त्यानं ९-४ असं अंतरावर ठेवलं आणि भारताला मुष्टियुद्धातलं पहिलं ऑलिम्पिक पदक पक्कं करून दिलं. उपांत्य लढतीत क्यूबाच्या एमिलिओ कोर्रेयाकडून तो ८-५ असा हरला. लांबून खेळणाऱ्या उंच मुलांना त्या पद्धतीनं हात दिला, हे विजेंदरच्या थोरवीला कमीपणा न आणता म्हणता येतं. अखिल-विजेंदर या भिवानीच्या मुलांनी घाम गाळला, आणि योग्य प्रश्नपत्रिकेसाठी गाळला.

२०११ मध्ये एका सेकंदाची अट गेली आणि एकमेकांशी जुळणाऱ्या तीन पंचांच्या आकड्यांची सरासरी धरायला सुरुवात झाली. त्यामुळे लंडन २०१२ चे आकडे फुगलेले दिसतात. मेरी कोमनं पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकला १९-१४ असं हरवलं, मनोज कुमार टॉम स्टॉकरकडून २०-१६ असा हरला. मोजणी सैल झाली, पण शैली तीच राहिली. आघाडी मिळाली की मिठी मारून वेळ काढायची हा त्या काळाचा रोग. विकास कृष्णननं एरॉल स्पेन्सला १३-११ असं हरवलं, आणि अपिलानंतर निकाल फिरला. तिसऱ्या राउंडमधल्या नऊ मिठ्यांसाठी आणि गमशील्ड मुद्दाम बाहेर टाकल्याबद्दल विकासला ताकीद मिळायला हवी होती, असं ठरवून स्पेन्सला चार गुण दिले गेले आणि तो १५-१३ असा जिंकला. आपल्याला तेव्हा राग आला, मलाही आला. तरी मिठी मारून आघाडी राखणं हे त्या पद्धतीनंच शिकवलेलं शहाणपण होतं हे नाकारता येत नाही. फक्त त्या दिवशी त्याची वसुली एकट्या विकासकडून झाली. त्याच स्पर्धेत अझरबैजानच्या मागोमेद अब्दुलहमिदोवला जपानच्या सातोशी शिमिझूनं शेवटच्या राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं, आणि पंचांनी २२-१७ असा विजय पडणाऱ्याला दिला. अपिलात तो निकाल बदलला. कळांची पेटी प्रामाणिकपणाची हमी देते, हा समज तिथे संपायला हवा होता.

२०१३ मध्ये पेटी गेली आणि व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या धर्तीवर दहा गुणांची पद्धत आली. सोबत पुरुषांच्या वरिष्ठ गटातून हेडगार्डही गेलं. पंचानं आता राउंड अख्खा पाहायचा: कुणाचे दर्जेदार ठोसे जास्त बसले, तंत्र आणि डावपेचांत वरचढ कोण, झुंजारपणा कुणाचा. व्यावसायिक लढतीत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं की राउंड सहसा १०-८ होतो. इथे पाडण्याला आपोआप जादा गुण नाही. हा फरक पुष्कळ प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही आणि मग उगाच पंचांना शिव्या बसतात.

शैली कशी बदलली? आधी ठोशांची संख्या वाढली. एकेक गुण टिपून तो जपून ठेवता येत नाही, कारण प्रत्येक राउंड नव्यानं शून्यावर सुरू होतो. पहिला राउंड १०-९ नं घेतला म्हणून दुसऱ्यात पळत राहिलात तर तो राउंड गेला. मधल्या अंतरावरचे सलग ठोसे परतले, जवळून मारणं परतलं, धडावरचे ठोसेही काही प्रमाणात परतले, कारण यकृतावर बसलेल्या हुकनं समोरचा वाकला, मंदावला, मागे सरकू लागला तर ते पंचाच्या डोळ्यांत भरतं. राउंडची शेवटची वीस-तीस सेकंदं पुन्हा मोलाची झाली. हेडगार्ड गेल्यानं बाजूंचं दिसणं सुधारलं, आणि डोक्याला डोकं लागून भुवया फाटण्याचे प्रकार वाढले.

शैलीतल्या या बदलाची किंमत अमित पंघालनं टोकियोत मोजली. ५२ किलोत कोलंबियाच्या युबेरजेन मार्तिनेझविरुद्ध त्यानं पहिला राउंड चार विरुद्ध एक असा घेतला. अमित टिपून मारणारा, डावखुरा, नेमका. मार्तिनेझ दुसऱ्या राउंडपासून धडाधड मारत पुढे येत राहिला. ठोसे सगळे बसले नसतील, पण राउंड कुणाचा याबद्दल पंचांच्या मनात शंका उरली नाही. अमित ४-१ असा हरला. पेटीच्या काळात पहिल्या राउंडची त्याची कमाई शेवटपर्यंत उपयोगी पडली असती. मेरीचं दुखणं नेमकं याच्या उलट: तिनं पहिला राउंड दिला आणि पुढचे दोन निसटत्या बहुमतानं घेतले. टोकियोच्या तयारीचा काही काळ मेरीनं पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये घालवला होता. तिथली तयारी कमी पडली असं मी म्हणणार नाही. अडतीस वर्षांच्या वयात, सहापैकी पाच विश्वविजेतेपदं पेटीच्या पद्धतीत मिळवण्यात हयात घालवल्यावर, पहिल्या घंटेपासून तुटून पडण्याची नवी सवय अंगी बाणवणं किती कठीण असेल याचा अंदाज करता येतो. त्याच स्पर्धेत लवलीना बोर्गोहाइननं तैवानच्या चेन निएन-चिनला ४-१ असं हरवलं आणि कांस्य घेतलं. लवलीना नव्या पद्धतीतच वाढलेली.

शैली गुणपद्धतीच्या मुठीत असते या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो लपवून ठेवायची माझी इच्छा नाही. क्यूबाचा हुलिओ सेझार ला क्रूझ. हात मांड्यांपर्यंत खाली, नुसत्या कमरेच्या लचकीवर ठोसे चुकवणारा. २०११ चं विश्वविजेतेपद त्यानं पेटीच्या काळात जिंकलं, २०१३ नंतरचीही जिंकली, आणि रिओ व टोकियोची ऑलिम्पिक सुवर्णंही. दोन्ही पद्धतींत तोच माणूस, तीच ऐट. माझ्या मते कारण हे की प्रतिस्पर्ध्याला सतत चुकवायला लावणं जुन्या पद्धतीत त्याचा गुण रोखत असे आणि नव्या पद्धतीत वरचष्मा म्हणून मोजलं जातं. पण संघ म्हणून पाहिलं तर वारं दुसरीकडे वाहतं. उझबेकिस्तानचे बॉक्सर अंतर कापत, दोन्ही हातांनी, वर आणि खाली मारत येतात. रिओत त्यांना तीन सुवर्णं मिळाली, पॅरिस २०२४ मध्ये पाच. क्यूबाला पॅरिसमध्ये एकच सुवर्ण मिळालं, आणि ला क्रूझ पहिल्याच लढतीत हरला.

एकदा अंगात मुरलेली शैली नियम बदलला म्हणून निघून जात नाही, हेही दिसतं. सिडनी आणि अथेन्सचा सुवर्णविजेता गिलेर्मो रिगोंदो व्यावसायिक झाला तरी टिपून-सरकून खेळत राहिला; जिंकत राहिला आणि प्रेक्षकांच्या हुर्योला तोंड देत राहिला. लोमाचेन्को २०१४ मध्ये आपल्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ओरलांदो सालिदोकडून हरला. हौशी कारकिर्दीत जवळपास चारशे लढतींत फक्त एकदा हरलेला हा बॉक्सर! सालिदो अंगाला चिकटून धडावर मारत राहिला, बरेचदा कमरपट्ट्याच्या खालीही. असा मारा लोमाचेन्कोनं हौशी रिंगमध्ये कितीसा पाहिला असणार? ज्याला गुण नव्हते ते त्याच्यावर कुणी आजमावलंच नव्हतं.

प्रामाणिकपणाचं काय झालं? रिओत संगणक पाच पंचांतून तिघांना निवडे आणि त्यांचेच गुण धरले जात. तिथे आयर्लंडचा मायकल कॉनलन रशियाच्या व्लादिमीर निकितिनकडून हरल्याचं जाहीर झालं. विजेता निकितिन इतका जखमी होता की उपांत्य लढतीला उतरूच शकला नाही. कझाकस्तानचा वासिली लेवित अंतिम लढतभर चालून गेला आणि सुवर्ण मागे हटणाऱ्या येवगेनी तिश्चेन्कोच्या गळ्यात पडलं. रिओच्या सर्व ३६ पंच-रेफ्रींना बाजूला ठेवण्यात आलं. २०२१ मध्ये रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशी अहवालानं तिथे निकालांत हेराफेरी होत होती असं सांगितलं. जागतिक संघटनेची मान्यता आधी निलंबित झाली, २०२३ मध्ये काढून घेतली गेली. टोकियो आणि पॅरिसच्या लढती ऑलिम्पिक समितीनं स्वतःच्या देखरेखीखाली घेतल्या. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये मुष्टियुद्ध राहणार हे २०२५ च्या मार्चमध्ये ठरलं, तेही वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना उभी राहिल्यावर. कागद, पेटी, दहा गुण. लबाडी तिन्ही घरांत बिनदिक्कत राहून गेली. पद्धतीनं बदलली ती फक्त बॉक्सिंग.

म्हणून पद्धत निवडताना ती लबाडी थांबवेल का, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. लबाडी थांबवायला पंचांची निवड, त्यांची जाहीर झाडाझडती आणि पैशाच्या वाटा बंद करणं लागतं. पद्धतीला विचारायचा प्रश्न वेगळा: ही मुलांना कोणतं मुष्टियुद्ध शिकवेल? या कसोटीवर आजची पद्धत तिन्हींत उजवी आहे. पाचही पंचांचे गुण धरायचे आणि प्रत्येक राउंडनंतर ते दोन्ही कोपऱ्यांना कळू द्यायचे, ही टोकियोपासूनची रीत टिकायला हवी. आपण मागे आहोत हे माहीत असलेला बॉक्सर जीव तोडून लढतो, आणि पंचालाही आपला आकडा लगेच उजेडात येणार हे ठाऊक असतं.

एक दुरुस्ती मात्र मला तातडीची वाटते. धडावरचा ठोसा अजूनही पुरता मोजला जात नाही. पंच रिंगच्या कडेला, दोऱ्यांच्या उंचीवर बसतात. जवळच्या झटापटीत त्यांना पाठी दिसतात. ठोशांचा आवाज, वाकलेली कंबर, खाली येणारं कोपर, तुटणारा श्वास या खुणांवरून धडावरचा मारा ओळखायला पंचांना शिकवता येतं, आणि ते त्यांच्या प्रशिक्षणात सक्तीचं असावं. राउंडनंतर जाहीर होणाऱ्या आकड्यासोबत कौलाचं कारणही नोंदवलं जावं: ठोसे, वरचष्मा की झुंजारपणा. मेरीच्या पहिल्या राउंडनंतर तिच्या कोपऱ्याला ४-१ हा आकडा कळला होता. चार पंचांना काय कमी वाटलं हे कळायला मार्ग नव्हता.

हे सगळं आपल्याकडच्या जिल्हा आणि शालेय स्पर्धांत अधिक लागू आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तीन राउंड खेळतो, हात वर होतो दुसऱ्याचा, आणि प्रशिक्षक त्याला गाडीत बसवून घरी आणतो. पाच पंचांनी कोणता राउंड कुणाला दिला याचा कागद त्याच्या हातात पडत नाही. मग तो स्वतःच अर्थ लावतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा लावतो: अजून जोरात मारायला हवं होतं. कदाचित त्याला फक्त पहिल्या मिनिटात पुढे जायला हवं होतं. तो कागद प्रत्येक मुलाला त्याच संध्याकाळी मिळावा. त्याला एका पानापलीकडे खर्च नाही, आणि जिल्हा संघटनांना त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही.